जिथे मोठ्या मायचा हात थांबला

आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मोबाइल आत नेऊ देत नाहीत. डोक्याला टोपी, हातात मोजे, आणि मोबाइल बाहेरच्या कपाटात. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडलं तर गावाकडचे अकरा मिस्ड कॉल, सगळे वहिनीचे. मी मुळातच भित्री बाई. एक मिस्ड कॉल दिसला तरी मी आधी देवाचं नाव घेते, इथे तर अकरा. लावला. वहिनी म्हणाली, "वने, मोठी माय गेली वो सकाळी." मी विचारलं, "काऊन? काय झालं होतं तिले?" मागून बायांच्या रडण्याचा आवाज येत होता... मग कोणी ऐकू नये अशी ती हळूच बोलली, "छातीले होतं तिच्या. तुह्यासारखंच."

मी तिथेच एका रिकाम्या क्रेटवर बसले. माझ्या छातीतली गाठ जिच्या बोटांना लागली, जिने मला ओढून दवाखान्यात नेलं, जिच्यामुळे मी आज इथे नाशिकजवळ द्राक्षांचे घड निवडते आहे, तिच्याच छातीत? आणि तिला कळलं नाही? आज सहा आठवडे झाले. अजून ते वाक्य माझ्या डोक्यात शिरतं आणि तसंच बाहेर येतं.

शेवंता मोठी माय म्हणजे माझ्या आईची सख्खी मोठी बहीण. दोघी एकाच गावात दिलेल्या. सावली या तालुक्याच्या गावापासून आत, वैनगंगेच्या अंगाला, धानाच्या बांध्यांमध्ये आमचं गाव. रोवणीच्या दिवसांत ती इतर बायांसारखी चिखलात वाकायची, पण तिचं खरं काम दुसरं होतं. गावात कोणीही बाळंत झालं की मोठी माय. पोराला आंघोळ, आईला मालीश, शेक. एका हातात शेगडी, दुसऱ्या हातात पितळेची कटोरी. कटोरीत टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं. थंडीत हे तेल तुपासारखं गोठून पांढरं होतं, म्हणून ती आधी कटोरी निखाऱ्याजवळ धरून बसायची आणि तेवढ्या वेळात घरातल्या सगळ्यांची खरडपट्टी काढायची. "ह्या पोट्टीले भात कोणी वाढला? सासूनं का? तरीच म्हटलं एवढुसा काऊन!" सासू दारात उभी असली तरी. उलट ती ऐकावी म्हणूनच. कोणाला राग यायचा नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच घरात दुसरी सून बाळंत होणार आणि पुन्हा मोठी मायच लागणार.

दूध गोठून छातीत गाठ झाली, ताप भरला, बाई कण्हत पडली, की ती गरम फडक्यानं शेकायची, तेल लावायची आणि बोटं बाहेरून आत अशी फिरवायची. दोन-तीन दिवसांत गाठ मोकळी. त्यातही तिला समजायचं. ताप उतरला नाही तर स्वतःच म्हणायची, "आता डॉक्टरले दाखवा, हे शेकण्याचं नाई." शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. मीही आठवीतच शाळा सोडलेली, म्हणून सांगते, वाचता येणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तिच्याकडे पाहून शिकले.

माझं लग्न उशिरा झालं आणि पहिलं मूल तिसाव्या वर्षी. तीन वर्षांपूर्वी बाळंतपणाला मी नाशिकहून गावी आले. चिऊ झाली. आठव्या दिवशी छाती दगडासारखी झाली, ताप आला. मोठ्या मायनं दोन दिवसांत उजवीकडचं मोकळं केलं, डावीकडचं मोकळं केलं, मी हुश्श केलं... आणि तिसऱ्या दिवशी तिचा हात डाव्या बाजूला काखेच्या जरा खाली थांबला. तेल लावता लावता थांबला. पुन्हा तिथे गेला. ती एरवी अखंड बोलणारी बाई, बोलायचीच थांबली. मी विचारलं, "काय झालं वो?" तर म्हणाली, "दुखते का इथी?" मी म्हटलं, "नाई." ती म्हणाली, "नाई दुखत, तेच तं."

मग आईला हाक मारून तिनं सांगितलं, "उद्या हिले गडचिरोलीले न्यायचं." आई उडालीच. आमच्याकडे सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही. "बाई, पागल झाली का तू? ओली बाळंतीण एसटीत? दुधाची गाठ हाये, दोन दिवस अजून शेक."

"दुधाची गाठ दुखते," मोठी माय म्हणाली. "तापते. हाताखाली पसरते. हे तं चिंचोक्यावानी जागच्या जागी बसून हाये. इतके वर्ष हात फिरवून राह्यली मी, मले समजते. हे गाठ माही नाई."

ही गाठ माझी नाही. म्हणजे माझ्या हाताची नाही, माझ्या तेलाची नाही. एवढं बोलायला किती मोठं मन लागतं हे तेव्हा मला कळलं नाही. मी फक्त रडत होते. दुसऱ्या दिवशी बारा दिवसांची चिऊ, मी, आई आणि मोठी माय एसटीत. रस्त्यात ज्या ज्या बाईनं डोळे वटारले तिला मोठ्या मायनं वरून ऐकवलं.

गडचिरोलीच्या डॉक्टरबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, सुईनं नमुना घेतला, आणि अहवाल आल्यावर नागपूरला पाठवलं. नागपूरच्या मॅडम वयानं माझ्यापेक्षा लहान असतील. मी त्यांना एकच विचारत होते, हे मला कशानं झालं? मी द्राक्षांत काम करते म्हणून? पोरीला एका बाजूनं जास्त पाजलं म्हणून? कोणाची नजर? त्या सावकाश म्हणाल्या, "एकच एक कारण सांगता येत नाही. वय वाढलं की धोका वाढतो. पहिलं मूल उशिरा झालं किंवा झालंच नाही, वजन वाढलं, दारू, रक्ताच्या नात्यात कोणाला असेल, यानं धोका वाढतो. आणि यातलं काहीही नसताना सुद्धा होतो. हा लागण होणारा आजार नाही, आणि तुमची चूक तर नाहीच नाही. नशीब हे की गाठ लहान असताना आलात." मग कागदावर पेन टेकवून त्यांनी विचारलं, "घरात कोणाला होता का? आई, मावशी, आजी?"

आईनं मोठ्या मायकडे पाहिलं. मोठी माय म्हणाली, "नाई. आमच्या घरी कोणालेच नाई." मॅडमनी 'नाही' लिहिलं. मी ते पाहिलं. पण मला माझ्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

शस्त्रक्रिया झाली, सलाइनमधली औषधं झाली, मग शेक दिला, म्हणजे मशीनचा. मोठी माय त्यावरही बोललीच, "पाय, इथीबी शेकतेतच ना!" चिऊला आईनं गावी वरच्या दुधावर सांभाळलं आणि मोठी माय माझ्याजवळ राहिली. माझे केस गळले तेव्हा ती रडली नाही, तेल लावत बसली टकलाला. "आता जावळासारखे येतीन बघ, चिऊचे अन् तुहे संगच."

एक दिवस मात्र मला आता राहून राहून आठवतो. वॉर्डात एक सिस्टर आली आणि तिनं रुग्णांच्या सोबत आलेल्या सगळ्या बायांना गोळा केलं. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, आणि पाळी गेली असेल तर कोणताही एक दिवस ठरवून, आरशासमोर उभं राहायचं. कातडीला खळी पडली का, बोंड आत ओढलं गेलं का, त्यातून रक्त-पाणी येतं का, ते पाहायचं. मग बोटं सपाट धरून गोल फिरवायची, काखेपर्यंत. काही वेगळं वाटलं तर थांबायचं नाही, दाखवायचं. आणि काही वाटलं नाही तरी वय झालं की डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. मोठी माय मागे उभी राहून हसत होती. "मले शिकवते का वो पोट्टी? माह्या हातानं सारा गाव उभा केला." सिस्टर पण वस्ताद. म्हणाली, "गावाचं झालं आजी, स्वतःचं कधी पाहिलं का?" सगळ्या बाया हसल्या. मोठी माय पण हसली. मग ती आंघोळीला गेली आणि बराच वेळ आली नाही. आली ती माझ्या पलंगाच्या पायथ्याशी बसून राहिली. मी विचारलं, "थकली का?" ती म्हणाली, "हो ना वो, थकली." तो पूर्ण दिवस तिनं कोणाला टोमणा मारला नाही. मला वाटलं, माझ्यामुळे थकली.

मी बरी झाले, नाशिकला परत आले. तेव्हापासून मी काय घाबरते ते मलाच माहीत. पाठ दुखली, गाठ. खोकला आला, गाठ. लगेच मोठ्या मायला फोन. ती म्हणायची, "तुले शिंक आली तरी कॅन्सरच होते का वो? काम नाई का तुले?" आणि लगेच, "तारखेवर जाजो मात्र दाखवाले. विसरली तं तंगडी तोडीन." दर वेळी. आणि मी दर वेळी विचारायची, "तू कशी आहेस?" ती म्हणायची, "मले काय होते?"

मी गावी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. वहिनी, म्हणजे मोठ्या मायच्या मुलाची, रमेशभाऊंची बायको, तिच्या खोलीतलं सामान आवरत होती. तिनं मला ब्लाऊज दाखवले. चार ब्लाऊज, डाव्या बाजूला आतून जुन्या लुगड्याच्या घड्या शिवलेल्या. जखम झाली होती. पाणी यायचं ते बाहेर दिसू नये म्हणून. "मलेबी शेवटच्या महिन्यातच समजलं वो," वहिनी म्हणाली. "दम लागाले लागला तवा नेलं. डॉक्टर म्हणे फुफ्फुसात गेलं. तिले विचारलं कवापासून हाये, तं म्हणे, वनी नागपूरले होती तवापासून." मी विचारलं, "मंग मले काऊन नाई सांगितलं?" वहिनी म्हणाली, "तिनंच म्हटलं, वनीले नोको सांगू, ते भिते."

ते भिते... माझी भीती जपायला तिनं स्वतःला लपवलं? नाही, तेवढंच नव्हतं. तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या, आदल्या दिवशी आई माझ्याजवळ तांदूळ निवडत बसली होती. निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "वने, आमच्या मायलेबी होतं."

मला आधी समजलंच नाही. मग आईनं सांगितलं. त्यांची आई गेली तेव्हा मोठी माय बारा वर्षांची होती आणि आई सात. छातीवरचा फोड म्हणत होते. त्या आजारी आईच्या छातीला तेल लावायचं काम मोठ्या मायकडे होतं. गाठ आधी एवढीशी होती, चिंचोक्यासारखी, दुखत नव्हती. पुढे मोठ्या मायला पाहायला पाहुणे आले आणि कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं, त्या घरच्या बाया छाती सडून मरतात. पाहुणे चहा न पिता उठले. त्या दिवसापासून दोघी बहिणींनी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. नवऱ्याजवळ नाही, पोरांजवळ नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा रमेशभाऊंच्या मुलीची, प्रीतीची सोयरीक जुळत आली होती. म्हणून 'कोणालेच नाई'. आणि तिला स्वतःची गाठ लागली तेव्हा तर लग्नाची बोलणी पक्की होत होती. एका घरात दोघींना आहे म्हटलं असतं तर पाहुणे पुन्हा चहा न पिता उठले असते... ते बारा वर्षांच्या पोरीचं भय साठ वर्षांच्या बाईच्या पोटात तसंच होतं. माझ्या अंगावर जो हात थांबला, तो का थांबला हे मला त्या दिवशी समजलं. त्या हातानं ती गाठ आधी एकदा पाहिली होती.

आता प्रश्न प्रीतीचा होता. बावीस वर्षांची, शिक्षण संपेपर्यंत थांबून गेल्या उन्हाळ्यात लग्न झालेली. घरच्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, मोठ्या मायला दमा होता. मी रमेशभाऊंना म्हटलं, "भाऊ, प्रीतीले सांगा लागते." ते म्हणाले, "तिच्या सासरी समजलं तं? वर्षबी नाई झालं लग्नाले. तू चूप राह्य."

मी चूप राहिले, तेरवीच्या पंगतीपर्यंत. प्रीतीची सासू माझ्या शेजारी जेवायला बसली होती. मूल गावाकडची, ठसकेबाज बाई. तिनं सहज विचारलं, "दमा म्हणता, पण लग्नात तं आजीबाई आमच्या मांडवात नाचून राह्यल्या होत्या. असा कसा वो दमा?" वाढता वाढता रमेशभाऊ म्हणाले, "थंडीनं वाढला." माझ्या हातात घास होता. मी तो पत्रावळीवर परत ठेवला. मी घाबरट बाई, चार लोकांत कधी बोललेली नाही. पण मला मॅडमच्या कागदावरचं ते 'नाही' दिसत होतं. मी म्हटलं, "दमा नव्हता, बाई. छातीचा कॅन्सर होता. मलेबी होता. आमच्या आजीलेबी होता. प्रीतीले डॉक्टरले दाखवा."

प्रीती वाटी हातात घेऊन उभी होती, तशीच राहिली. तिच्या सासूनं हात धुतले. म्हणाली, "लग्नाच्या आधी सांगाले पाहिजे होतं." एवढंच. दुपारच्या गाडीनं ती प्रीतीला घेऊन गेली. प्रीतीनं वळून पाहिलं नाही. रमेशभाऊ अंगणात माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "झालं तुह्या मनासारखं? तू तं जाशीन नाशिकले. पोट्टी माही परत आणून सोडली तं?" निघताना वहिनीनं गुपचूप माझ्या पिशवीत पितळेची कटोरी टाकली. म्हणाली, "तिले तुह्याजवळच राहू दे."

परतीची गाडी नागपूरहूनच होती, म्हणून आईलाही सोबत नेलं. मॅडमकडे गेले. म्हटलं, माझ्या कागदावर 'नाही' लिहिलं आहे, ते बदला. आजीला होतं, मावशीला होतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तेव्हा कळलं असतं तर मावशींना त्याच दिवशी तपासलं असतं," असं त्या म्हणाल्या. रागानं नाही, पण आईनं पदर तोंडात कोंबला. आईची तपासणी झाली. सध्या काही नाही, ती गावी परतली. माझी रक्ताची एक वेगळी तपासणी करायला दिली आहे, घराण्यातून आलेलं आहे का ते पाहायला. तिचा अहवाल यायचा आहे. चिऊ मोठी होईल तेव्हा तिला कधीपासून जपायचं, ते त्यावर ठरेल.

नाशिकला येऊन नऊ दिवस झाले तरी रमेशभाऊंच्या घरून फोन नाही. मी केले तर वहिनी उचलायची नाही. कामात माझा हात चुकत होता, चांगले मणी कापून टाकत होते. मला एकच वाटत होतं, मी त्या पोरीचा संसार मोडला. मोठ्या मायनं जीव देऊन जे झाकलं, ते मी एका घासासरशी उघडं केलं.

दहाव्या दिवशी सुट्टीत कपाट उघडलं आणि मोबाइल वाजतच होता. प्रीती. मागे गर्दीचा आवाज, कोणी नंबर पुकारत होतं. "आत्या, मी दवाखान्यात हाये. इथी विचारून राह्यले, रक्ताच्या नात्यात कोणाले होतं. सिस्टर म्हणते, नातं सांगितलं तरी जमते. पण मले वाटलं नावं लिहावं. आजीच्या मायचं नाव काय होतं वो?" मागून तिच्या सासूचा आवाज, "लवकर विचार ना, नंबर येते आपला!"

'आपला' म्हणाली ती. मी विचारलं, "आपला म्हणजे?" प्रीती हसली. "सासूनंबी आपल्या नावाची चिठ्ठी काढली. दहा दिवस बोलली नाई माह्यासंग. काल म्हणे, मले राग लपवल्याचा आला, बिमारीचा नाई. चाल, दोघीबी दाखवू."

नाव मला माहीत नव्हतं. माझ्या सख्ख्या आजीचं नाव मला माहीत नव्हतं, कारण आमच्या घरात ते कोणी घेतच नव्हतं. मी आईला फोन लावला. आईलाही ते आठवून काढावं लागलं, मग म्हणाली, "सगुणा." मी प्रीतीला सांगितलं. सगुणा. ती एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहीत होती, ते मला ऐकू आलं. त्याखाली शेवंता. त्याखाली वनिता. संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला. दोघींनाही काही निघालं नाही. सासूला ठराविक वर्षांनी छातीचा फोटो, म्हणजे मॅमोग्राफी, काढायला बोलावलं आहे, प्रीतीला दर वर्षी तपासायला, आणि हात फिरवायला शिकवलं आहे.

इथे नाशिकला अजून पहाटे गारठा असतो. कटोरीतलं तेल गोठून पांढरं होतं. माझ्याकडे शेगडी नाही, म्हणून महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी, मी कटोरी दोन्ही तळहातांत धरून बसते. तिच्या काठावर एका जागी पितळ झिजून गुळगुळीत झालं आहे, तिथे मोठ्या मायचा अंगठा असायचा. माझा अंगठा तिथे जाऊन बसतो. तेल वितळायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मला भीती वाटायची ती वाटून घेते. चिऊ शेजारी बसून विचारते, "आई, काय करून राह्यली?" माझ्याच गावाची बोली, इथे कुठून उचलली कोण जाणे. मी सांगते, मोठी माय तेल तापवून राह्यली.

मग दार लावते, बोटं सपाट धरते, आणि सावकाश फिरवते... काखेपर्यंत.